थवा पेटीत आला, पण राहील का? सातेरी माश्या नव्याने पाळणाऱ्यांसाठी

घाटमाथ्यावर आणि कोकणात जांभूळ, हिरडा, गेळा फुलायला लागले की आंब्याच्या नाहीतर फणसाच्या फांदीला अचानक माश्यांचा घोस लटकलेला दिसतो. नुकतीच मधपेटी घेतलेल्या माणसाला ही पर्वणीच. तो संध्याकाळी थवा पेटीत उतरवतो, फोटो काढतो, मधपाळांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकतो. तिसऱ्या दिवशी दुपारी झाकण उघडावं तर आत चार मुंग्या.

थवा पकडायचा कसा हे सांगणारे गावोगावी भेटतात. पकडल्यानंतरच्या आठ-दहा दिवसांत काय करायचं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय करायचं नाही, हे विचारलं की उत्तरं मोघम होतात. त्यात आपली सातेरी घर सोडण्यात पटाईत. इंटरनेटवरचे बहुतेक व्हिडिओ युरोपीय मेलिफेरा माशीचे असतात. ती पेटीची हलवाहलव, उघडझाक बरीच सोसते. सातेरी सोसत नाही. हा लेख सातेरीपुरताच आहे.

खालच्या सगळ्या पायऱ्यांमागचा हिशोब एकच आहे. राखण्यासारखं काही असेल तरच माशी एखाद्या जागी टिकते: अंडी-अळ्या, बांधलेलं पोळं, थोडा साठा. थव्याकडे पोटातल्या मधाखेरीज काहीच नसतं, म्हणून त्याला निघून जाणं सोपं असतं. पहिल्या आठवड्यात त्याच्यासाठी हे लवकरात लवकर उभं राहील असं बघायचं आणि तोवर हात आवरायचा.

१. आधी माशी ओळखा, मग थवा

आग्या माशीच्या वाटेला जाऊ नका. ती मोठी असते, कड्याला, पाण्याच्या टाकीला, उंच झाडाला एकच उघडं पोळं लावते आणि खवळली तर जिवावर बेतू शकतं. फुलोरी लहान, झुडपात तळहाताएवढं पोळं करणारी. तीही उघड्यावरच राहते, पेटीत टिकत नाही. अंधाऱ्या पोकळीत एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधणारी सातेरी ती आपली. आजूबाजूला कुणी मेलिफेराच्या पेट्या आणून ठेवल्या असतील तर थवा त्यांचाही असू शकतो. ती माशी सातेरीपेक्षा मोठी असते आणि सातेरीच्या पेटीत तिला दाटी होते. अशा वेळी पेटीवाल्याला कळवा.

माशी सातेरीच आहे अशी खात्री झाली की ती कुठून आली याचा अंदाज घ्या. पुढचे बरेच निर्णय त्यावर ठरतात.

पहिला थवा: वसाहत भरभराटीला आली की जुनी राणी निम्म्याच्या आसपास माश्या घेऊन बाहेर पडते. हा घोस बऱ्यापैकी मोठा असतो, दिवस फुलोऱ्याचे असतात आणि राणी अंडी घालणारी असते. नवख्याला मिळावा तर हाच.

नंतरचे थवे: त्याच वसाहतीतून काही दिवसांनी लहान लहान घोळके निघतात. त्यांच्यात कुमारी राणी असते, कधी एकाहून जास्तही. हे थवे चंचल असतात, थोड्या कारणाने उठतात.

घर सोडून निघालेली अख्खी वसाहत: भर मे महिन्यात किंवा पावसाळ्यात, फुलं नसताना दिसलेला घोस बहुधा असा असतो. मुंग्या, मेणकिडा, उपासमार, वणवा अशा कशाला तरी कंटाळून त्या निघालेल्या असतात. पोटात मध कमी, म्हणून भुकेल्या आणि चिडक्या.

चौथा प्रकार थवा नव्हे. झाडाच्या ढोलीतून, वारुळातून किंवा घराच्या भिंतीतून पोळ्यांसकट काढलेली वसाहत. तिची पोळी कापून, केळीच्या सोपाने किंवा सुतळीने चौकटींना (पेटीत पोळं बांधण्यासाठी उभ्या टांगलेल्या लाकडी चौकटी) बांधून पेटीत घालतात. जागेच्या बाबतीत तिचे नियम थव्याच्या उलट आहेत, ते पायरी ३ मध्ये सांगतो.

२. साहित्य थवा दिसण्याआधी तयार हवं

थवा फांदीवर तासभर थांबेल की दोन दिवस, हे आपल्या हातात नाही. तेव्हा मोसम सुरू होण्याआधी हे जमवून ठेवा:

- सातेरीसाठीची 'ए' टाइप पेटी, शक्यतो आधी माश्या राहून गेलेली
- मेणपत्र्याची, म्हणजे षटकोनांचे ठसे उठवलेल्या पातळ मेणाच्या पत्र्याची पट्टी लावलेल्या चार-पाच चौकटी
- पेटीतली जागा आखडायला चौकटीच्या मापाची एक फळी (मधपाळ तिला डमी म्हणतात)
- क्वीन गेट, म्हणजे कामकरी माशी जाईल पण राणी जाणार नाही अशा फटींची पत्र्याची किंवा प्लास्टिकची पट्टी
- स्टँड आणि त्याच्या चार पायांखाली ठेवायला चार वाट्या
- बुरखा, स्मोकर, जाळायला वाळलेलं गोणपाट किंवा नारळाचं सोडण
- पांढरी चादर, रुंद फळी, पाण्याचा फवारा, मऊ ब्रश
- साखर आणि झाकणाची एक लहान बरणी

यातल्या दोन गोष्टींत नवखे हटकून फसतात. पहिली, मेणपत्रा. बाजारात सहज मिळतो तो बहुतेकदा मेलिफेराचा, त्यावरचे षटकोन मोठे असतात. सातेरी त्यावर वेडंवाकडं बांधते किंवा बांधतच नाही. घेताना 'सातेरीचा द्या' असं सांगून घ्या. नाहीच मिळाला तर चौकटीच्या वरच्या पट्टीवर आतल्या बाजूने वितळलेल्या शुद्ध मेणाची एक रेघ ओढा, तेवढ्यावरही त्या सरळ बांधतात.

दुसरी, पेटीचा वास. नवीन कोऱ्या पेटीला आतून रंग, वॉर्निश, वाळवीचं औषध असलं काही लावायचं नाही. बाहेरून रंगवली असेल तर चांगले पंधरा दिवस उन्हा-वाऱ्यात राहू द्या. मग आतल्या भिंतींवर मेण घासा आणि परसातल्या गवती चहाची दोन पाती चुरगाळून एकदा फिरवा. घर सापडलं की माश्या शेपटीकडची एक ग्रंथी उघडून जो वास सोडतात, त्यातले काही घटक गवती चहात असतात. पण अत्तर लावल्यासारखं चोपडू नका. उग्र वास झाला तर त्याच माश्या बाहेर पडतात. पेटी जुनी असेल तर मेणकिड्याची जाळी खरवडून काढा, आतून ज्योत फिरवा आणि गार होऊ द्या.

कागदपत्रांचं थोडक्यात. स्वतःच्या परसात किंवा शेतात आलेला थवा धरायला कागद लागत नाही. दुसऱ्याच्या जागेत मालकाची परवानगी घ्या. राखीव जंगलात वनखात्याला विचारल्याशिवाय ढोलीला हात लावू नका, आणि झाड तोडून वसाहत काढणं तर कुठेच करू नका. प्रशिक्षण घेतलं नसेल तर महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, पुण्यात १९६२ पासूनची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. पेट्यांवरच्या अनुदानाचे नियम बदलत असतात, तेव्हा त्या वर्षीचा अर्ज आणि कागदांची यादी तिथूनच घ्या. आधार कार्ड, बँक पासबुकाची प्रत आणि फोटो सोबत ठेवलेले बरे.

३. पेटी कुठे ठेवायची

सकाळचं कोवळं ऊन पडेल आणि दुपारी सावली असेल अशी जागा. दार पूर्वेकडे किंवा आग्नेयेकडे. पश्चिमेचा वारा आणि पावसाची झड थेट दारात नको. स्टँड गुडघ्याएवढा उंच पुरे. जवळपास पाणी हवं. नसेल तर पसरट भांड्यात खडे घालून पाणी ठेवा. गोठ्याचा धूर, पिठाची गिरणी, पंपाची थरथर, रात्रभर जळणारा ओटीवरचा दिवा, यांतलं काही जवळ नको. दिव्यावर माश्या येऊन मरतात, आणि थरथर त्यांना अजिबात सोसत नाही.

आता अंतराचा प्रश्न, इथे बराच गोंधळ असतो. थवा म्हणून बाहेर पडलेली माशी जुनं घर मनातून काढून टाकते. म्हणून थवा पकडला तिथून पन्नास फुटांवरही पेटी ठेवता येते, माश्या जुन्या जागी परत जात नाहीत. ढोलीतून किंवा भिंतीतून काढलेल्या वसाहतीचं तसं नाही. तिच्या चरणाऱ्या माश्यांना जुना पत्ता पाठ असतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रिकाम्या ढोलीपाशी घिरट्या घालतात. त्यामुळे अशी पेटी एकतर दोन-चार दिवस ढोलीच्या तोंडाशीच ठेवायची, नाहीतर रात्री उचलून दोन-तीन किलोमीटर लांब न्यायची. सातेरी साधारण एक-दीड किलोमीटरच्या आत चरते, एवढं अंतर तिला पुरतं.

असं असलं तरी थवादेखील मी जमेल तेव्हा लांबच नेतो. कारण हेर माश्या. थवा फांदीला लटकलेला असतो तेव्हा काही अनुभवी माश्या घर शोधत फिरत असतात आणि परत येऊन घोसावर नाचून पत्ता सांगतात. मार्टिन लिंडाउअर या जर्मन शास्त्रज्ञाला हे १९४९ साली म्युनिकमध्ये उलगडलं. थव्यावर नाचणाऱ्या काही माश्यांच्या अंगावर काजळी आणि विटांची धूळ होती, म्हणजे त्या फुलांवरून नव्हे तर युद्धात पडझड झालेल्या इमारतींची भोकं बघून आल्या होत्या. तुम्ही थवा पेटीत घातलात म्हणून या हेरांचा आवडता पत्ता पुसला जात नाही. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा तिकडे जाऊन येतात आणि बाकीच्यांना तेच सांगतात. पेटी लांब नेली की तो पत्ता निकालात निघतो.

४. पेटीत सोडणं: संध्याकाळी, आणि घाई न करता

थवा दिवसा पकडलात तरी कायमच्या पेटीत तो सूर्य मावळायच्या सुमारास सोडा. अंधारात हेर उडत नाहीत. रात्रभर सगळ्या एकत्र आत राहिल्या तर सकाळपर्यंत निदान पेटीचा वास ओळखीचा होतो. तोवर पकडलेला थवा जाळीच्या पिशवीत किंवा हवेशीर खोक्यात, गार आणि अंधाऱ्या जागी ठेवा. बंद प्लास्टिकच्या डब्यात ठेवलेला थवा तासाभरात गुदमरून, स्वतःच्या उष्णतेने मरू शकतो. गाडीच्या डिकीत, उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तर नकोच.

सोडण्याचे दोन मार्ग. एक, दोन चौकटी बाजूला करून मधल्या जागेत थवा सरळ ओतायचा, मिनिटभराने चौकटी हलक्या हाताने जागेवर बसवायच्या आणि झाकण ठेवायचं. दुसरा मार्ग वेळखाऊ, पण मला तोच पसंत आहे. पेटीच्या दारापासून जमिनीपर्यंत फळीचा उतार करायचा, त्यावर पांढरी चादर अंथरायची आणि थवा चादरीवर दाराजवळ ओतायचा. माश्या वर चढतात आणि अंधाराकडे जातात, हा त्यांचा स्वभाव. आधी दोन-चार जणी दारात जातात, शेपटी वर करून पंख हलवतात, वास पसरतो आणि मग सगळी रांग आत चालू लागते. यात राणीही दिसून जाते: लांबट, गडद, पंख पोटापेक्षा आखूड. ती आत गेलेली डोळ्यांनी पाहिली की निम्मी काळजी मिटते.

दारातल्या माश्या पंख हलवताहेत पण बाकीच्या आत जात नाहीत, उलट पुन्हा फांदीकडे गोळा होताहेत, असं दिसलं तर राणी मागे राहिली आहे. घोस जिथे पुन्हा जमतोय तिथेच ती असते. पुन्हा पकडा.

धूर अगदी थोडा. थव्याच्या माश्या पोटभर मध पिऊन निघालेल्या असतात, सहसा डंख मारत नाहीत. डंख बसलाच तर नांगी नखाने लगेच खरवडून काढा. अंगभर पित्त उठलं, घसा आवळला, चक्कर आली तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

५. पिल्लांची चौकट

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. दुसऱ्या निरोगी वसाहतीतून अंडी आणि उघड्या अळ्या असलेली एक चौकट आणायची आणि थवा सोडण्याआधी पेटीच्या मध्यावर ठेवायची. त्या चौकटीवरच्या माश्या मात्र मूळ पेटीत झटकून यायच्या, राणी चुकून बरोबर आली नाही ना हे दोनदा बघायचं.

उघड्या अळ्यांचा एक वास असतो. तो आला की कोवळ्या माश्या दाया बनून त्यांना भरवायला लागतात. एकदा भरवायला लागलेली वसाहत ती पिल्लं टाकून सहसा जात नाही. बंद झालेल्या कोशांचा तसा उपयोग होत नाही, त्यांना भरवावं लागत नाही. म्हणून चौकट निवडताना पांढऱ्या, वळलेल्या अळ्या दिसतील अशीच घ्या. आणखी एक फायदा. पकडापकडीत राणी दगावली असेल, तर त्या अंड्यांतून किंवा अगदी कोवळ्या अळ्यांतून माश्या नवी राणी घडवू शकतात. सातव्या-आठव्या दिवशी त्या चौकटीवर शेंगदाण्याच्या शेंगेसारख्या लांबट राणीपेशी दिसल्या तर समजा, राणी नव्हती.

चौकट कुठून आणायची? तुमची दुसरी पेटी नसेल तर जवळच्या मधपाळाकडून. मोसमात एक चौकट देणं त्याला जड जात नाही, पुढच्या वर्षी परत करा. पण देणाऱ्याची वसाहत स्वतः बघून घ्या. अळ्या पेशीत ताठ उभ्या, पिवळसर, चिमट्याने ओढल्या तर पाण्याच्या पिशवीसारख्या बाहेर येणाऱ्या असतील तर तो थाई सॅकब्रूड. या विषाणूने १९९१-९२ मध्ये दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहतींचा प्रचंड संहार केला होता. अशी चौकट फुकट मिळाली तरी नको.

पिल्लांची चौकट मिळालीच नाही तर जुनं, स्वच्छ, बांधलेलं पोळं द्या. राणीला दुसऱ्या दिवशीच अंडी घालायला जागा मिळते. तेही नसेल तर मेणपत्र्याच्या चौकटी आहेतच, फक्त मग पाक आणि क्वीन गेट यांवर भार जास्त.

बाकी जागा डमी फळीने आखडा. थवा जेवढ्या चौकटी झाकतो तेवढ्याच ठेवा, बहुधा तीन ते पाच. मधाचा वरचा कोठा आताच चढवू नका. प्रशस्त घर द्यावं असं आपल्याला वाटतं, पण मोकळ्या जागेत ऊब टिकत नाही आणि न राखलेल्या कोपऱ्यात मेणकिडा शिरतो.

६. क्वीन गेट लावायचं की नाही

दारावर क्वीन गेट लावलं की कामकरी माश्या ये-जा करतात, राणीला बाहेर पडता येत नाही. थवा निघाला तरी राणीशिवाय जाऊ शकत नाही, घोंघावून परत येतो. ऐकायला रामबाण वाटतं, पण त्याच्या मर्यादा कळून घ्या.

पहिला थवा असेल, राणी अंडी घालणारी असेल, तर चार-पाच दिवस गेट लावा. पोळं बांधलं जातंय, पराग आत येतोय असं दिसलं की काढा. नंतरचा लहान थवा असेल तर गेट लावूच नका. त्यातली राणी कुमारी असते, तिला नरांशी मिलनासाठी बाहेर उडावंच लागतं. गेटमागे अडकलेली राणी मिलनाचे दिवस हुकली की आयुष्यभर फक्त नरांची अंडी घालते आणि वसाहत हळूहळू संपते. बाहेरून सगळं ठीक दिसत असतं, म्हणून हा सापळा जास्त वाईट. थवा पहिला की नंतरचा याबद्दल शंका असेल तर गेट न लावता पिल्लांच्या चौकटीवर विश्वास टाका.

गेट लावलेलं असताना ते रोज बघा. नर माश्या त्या फटींतून जात नाहीत, अडकून मरतात आणि दार तुंबतं. आत गुदमरलं की गेटमुळेच वसाहत बिथरते. पेटीला काही दोष असेल, मुंग्या असतील, उष्मा असेल, तर गेट तो दोष बरा करत नाही. तुम्हाला चार दिवस मिळतात एवढंच.

काही जण राणीला लहान पिंजऱ्यात घालून चौकटीला टांगतात. अनुभवी हाताला जमतं. नवख्याने राणी बोटांत धरायला जाऊ नये.

७. पाक

साखर आणि पाणी सारख्या वजनाने. पाणी गरम करून आच बंद करा, साखर विरघळवा, पूर्ण गार होऊ द्या. बरणीच्या झाकणाला बारीक भोकं पाडून ती चौकटींवर, पेटीच्या आत उपडी ठेवा. रोज संध्याकाळी पाव लिटरच्या आतबाहेर पुरतो.

फुलोऱ्यातल्या पहिल्या थव्याला पहिल्या संध्याकाळी पाक द्यायची घाई नको. पोटातला मध त्यांना मेण काढायला वापरू द्या, दुसऱ्या दिवशी सुरू करा. घर सोडून आलेल्या भुकेल्या वसाहतीला मात्र त्याच रात्री द्या.

गूळ नको, माश्यांना हगवण लागते. बाजारचा किंवा अनोळखी पेटीतला मध नको, रोग येतो. पाक बाहेर सांडू नका. सांडला तर शेजारच्या वसाहतींच्या माश्या लुटायला येतात, आणि नवीन थवा लुटीपुढे टिकत नाही. म्हणून दारही दोन बोटांएवढंच उघडं ठेवा.

८. आठवडाभर झाकणाला हात नको

बरणी बदलण्यापुरतं झाकण उचला, चौकट उचलू नका. 'राणी आहे का बघू' म्हणून रोज उघडणाऱ्याकडून जेवढ्या वसाहती जातात तेवढ्या मुंग्यांनीही जात नसतील. बघायचं ते दारातून दिसतं. सकाळी चहाचा कप घेऊन पेटीच्या बाजूला बसा. समोर नाही, उडण्याची वाट अडते.

चांगली लक्षणं: मागच्या पायांवर पिवळ्या, केशरी, पांढऱ्या परागाच्या गोळ्या घेऊन माश्या आत जाताहेत. पराग मुख्यतः पिल्लांसाठी लागतो. पहिल्या एक-दोन दिवसांत माश्या पेटीकडे तोंड करून हवेत मागे-पुढे झुलताना दिसतात. त्या नव्या घराची खूण मनात भरत असतात. दारात पंखांनी वारा घालणाऱ्या माश्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला असतील; सातेरीची ती रीतच आहे, मेलिफेरा आत तोंड करून वारा घालते. रात्री पेटीला कान लावला तर एकसुरी, मंद गुणगुण ऐकू येते.

वाईट लक्षणं: चार दिवस झाले तरी पराग नाही. भर फुलोऱ्यात माश्या दारापाशी नुसत्या लोंबकळताहेत. पाक तसाच पडलाय. दारातून मुंग्यांची रांग. दुपारी एकदम मोठी घोंघाव, पुष्कळ माश्या बाहेर आणि पुन्हा आत, म्हणजे जाण्याची तालीम. अशा वेळी कारण शोधा. ऊन जास्त लागतंय? वर गवताची पेंढी किंवा ओलं गोणपाट टाका. मुंग्या? वाट्या भरा. पिल्लांची चौकट दिली नसेल तर त्याच संध्याकाळी कुठूनही मिळवा.

९. पहिली तपासणी

सातव्या-आठव्या दिवशी, ऊन निघाल्यावर, वारा नसताना. पाच मिनिटांत उरका. नवं पोळं पांढरं आणि लोण्यासारखं मऊ असतं. चौकट उभीच धरा. आडवी केलीत तर पोळं गळून पडेल. चौकटींचा क्रम आणि तोंड बदलू नका.

राणी शोधू नका. अंडी शोधा. सूर्य पाठीमागे घेऊन पेशीच्या तळाशी बघा. तांदळाच्या कणीहून बारीक, उभं, पेशीत एकच असं पांढरं अंडं दिसलं की राणी आहे आणि कामाला लागली आहे. कुमारी राणीच्या थव्यात अंडी दिसायला दोन-तीन आठवडेही लागतात, तेवढा धीर धरा. एकाच पेशीत दोन-तीन अंडी, वेडीवाकडी भिंतीला चिकटलेली असतील आणि आठवड्याभराने पुन्हा तेच दिसलं, तर राणी नाही आणि कामकरी माश्याच अंडी घालताहेत. अशा थव्याला वेगळं वाढवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या बळकट वसाहतीत मिसळून टाका.

आणखी एक समजून ठेवा. अंड्यापासून कामकरी माशी बाहेर यायला सातेरीत जवळपास वीस दिवस लागतात. तोपर्यंत जुन्या माश्या मरत असतात आणि नव्या येत नाहीत, म्हणजे पहिले तीन आठवडे वसाहत कमी होत गेल्यासारखी दिसणारच. घाबरून काही नवं करू नका. नवी पिढी दिसू लागली की एकेक चौकट वाढवत न्या.

१०. मुंग्या, मेणकिडा आणि बाकीचे

स्टँडच्या वाट्यांत पाणी आणि वर जळकं तेल, रोज बघायचं. गवताचं एक पातं टेकलं तरी मुंग्यांना पूल मिळतो. दर आठवड्याला तळफळी खरवडून पुसा. मेणाच्या चुऱ्यात मेणकिडा अंडी घालतो. माश्यांनी न झाकलेलं पोळं आत ठेवू नका. गांधीलमाश्या दारात टपून बसत असतील तर दार आणखी अरुंद करा, आणि जवळपास त्यांचं घरटं आहे का बघा. वेडे राघू उडत्या माश्या टिपतात, त्याला इलाज नाही, आणि तसा तोटाही फार नाही. पेटीपासून शंभर-दोनशे मीटरमध्ये कुणी औषध फवारणार असेल तर त्याला संध्याकाळी फवारायची विनंती करा.

११. तरीही निघाल्याच तर

सातेरी उठली की बहुतेकदा लगेच दूर जात नाही, जवळच्या फांदीवर घोस करून थांबते. उडत असतानाच पाण्याचा बारीक फवारा मारला तर लवकर खाली बसते. ताट बडवायला लागणारे शेजारी असतात, त्यांना बडवू द्या, उपयोग काही नाही. घोस बसला की पुन्हा पकडा. पण त्याच पेटीत, त्याच जागी, तसाच घालू नका. दुसरी पेटी, दुसरी जागा आणि यावेळी पिल्लांची चौकट. दोनदा निघालेला, मुठीएवढाच उरलेला थवा असेल तर एकट्याने टिकणार नाही. त्याची राणी काढून टाका आणि दोन पेट्यांमध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून तो बळकट वसाहतीवर ठेवा. माश्या कागद कुरतडेपर्यंत दोघींचे वास एक होतात आणि मारामारी होत नाही.

गेल्याच पूर्ण, तर पेटी धुऊन माळ्यावर टाकू नका. माश्यांनी दोन-चार दिवस वापरलेल्या पेटीला त्यांचा वास लागलेला असतो. आत मेणकिडा नाही याची खात्री करा, एक जुनं पोळं ठेवा, क्वीन गेट काढा, दार उघडं ठेवा आणि पेटी झाडाच्या दुबेळक्यात सात-आठ फुटांवर घट्ट बांधा. हेर माश्या आत-बाहेर करताना दिसायला लागल्या तर पिल्लांच्या चौकटीसाठी मधपाळाला फोन करून ठेवा.